पहारा तपासणारे शिंगाडे

मच्छिंद्र शिंगाडे आमच्याकडे चहाला येतात आणि जाताना एक वस्तू हलवून जातात. नेत काही नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर गेलेलं असतं, टीव्हीचा रिमोट पिठाच्या डब्यावर सापडतो. दुसऱ्या दिवशी ते जिन्यात गाठतात. "काका, काल काय बदललं?" उत्तर बरोबर आलं तर खूश. नाही आलं तर मान हलवून म्हणतात, "पहारा झोपला तुमचा."

एकदा माझी पत्नी त्यांना म्हणाली, "शिंगाडे भाऊ, मीठ-साखरेला मात्र हात लावू नका हं."

"काकू, ते मागल्या बुधवारीच केलं. काकांनी पुरा कप संपवला."

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरची. प्रोग्राम कुठे बिघडतो ते शोधायला डीबगर नावाचं साधन असतं. मेमरीत एखाद्या जागी एक आकडा ठेवलेला असतो. तो कुणी बदलला की चालता प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवायचा आणि बदलणारा दाखवायचा, असा पहारा त्यात लावता येतो. त्याला वॉचपॉइंट म्हणतात. पहारा लावणारे दुसरे. पहारेकरी जागा आहे की नाही, हे तपासणं शिंगाड्यांकडे.

शिंगाड्यांचं घर मेंढरांमागचं. त्यामुळे काम समजावून सांगताना त्यांना संगणकाची गरज लागत नाही.

"कळपातलं कोकरू मीच गुपचूप उचलायचं, आन कुत्रं उठतं का बघायचं. काही कुत्री उठतच नाय. काही कोणी नसताना भुकतात. आन काही लई बेकार. चोर निघून गेल्यावर भुकतात आन मागून येणाऱ्या पाहुण्याला धरतात."

असा पहारा एका वेळी चारच ठिकाणी ठेवता येतो, अशी त्यांच्या यंत्राची मर्यादा आहे. तिचा वापर ते सर्रास करतात. सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडू लागलं तेव्हा म्हणाले, "चारच कुत्री हायती. तीन कंपनीत बांधलीत, एक आबाकडं. सोसायटीला कुठून आणू?" लग्नाच्या चौकशीलाही हेच उत्तर मिळतं.

पद नाकारलं तरी तपासणी सोडली नाही. एका दुपारी वॉचमन कट्ट्यावर चहा पीत होता. शिंगाड्यांनी त्याचीच खुर्ची डोक्यावर घेतली आणि ते फाटकाकडे निघाले. वॉचमनने धावत येऊन फाटक उघडलं आणि अदबीने विचारलं, "रिक्षा बुलाऊँ क्या साब?"

चौथं कुत्रं आबाकडे, म्हणजे वडिलांकडे. आबा फुलंब्रीच्या पुढे वस्तीवर एकटेच राहतात. पाच-सहा मेंढरं अजून आहेत, त्यामुळे शहरात यायचं नाव काढत नाहीत. शिंगाडे दर रविवारी तिकडे जातात आणि निघताना आबांची एक वस्तू लपवतात. सोमवारी सकाळी फोन येतो. शिंगाडे तो स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे आमच्या मजल्याचा आठवडा आबांच्या शिव्यांनी सुरू होतो.

"आरं मच्छ्या, येड्या! माझी काठी कणगीमागं कोणी घातली रं? मेंढरं काय तुझा बाप हाकणार व्हय?"

शिव्या संपल्या की शिंगाडे शीळ घालत ऑफिसला जातात.

"म्हाताऱ्या माणसाला कशाला छळता?" मी एकदा विचारलं.

"काका, तब्येत विचारली की आबा म्हणतो, बरं हाय. ताप असला तरी बरं हाय. आकडा बदलतच नाय, तर पहारा भुकंल कशावर? आई बी शेवटच्या दिवसापर्यंत बरं हायच म्हणली." मग म्हणाले, "शिवी दिली म्हंजे आबा उठलाय, हिंडलाय, त्याचं ध्यान जागेवर हाय."

एका सोमवारी फोन आला नाही.

शिंगाडे मोबाईल हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आदल्या संध्याकाळी त्यांनी चुन्याची डबी लपवली होती. तंबाखूशिवाय आबांचा तास जात नाही. यांनी केलेले फोन वाजत राहिले, कोणी उचलले नाहीत. मी गाडी काढली. हर्सूल मागे पडेपर्यंत ते फोन लावत राहिले. मग एकदाच म्हणाले, "डबीवर तर आबानं भुकायलाच पाहिजे होतं."

वस्तीवर आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. गालात तंबाखूचा बार होता आणि मोबाईल बंडीच्या खिशात. चुलीवर चहाचं पातेलं होतं.

"डबी घावली?" शिंगाड्यांनी गाडीतून उतरता उतरताच विचारलं.

"तू फाट्यावर पोचला नसशील, तवाच."

"मग फोन का नाय केला? उचलला बी नाय!"

आबा बाजूला पिंक टाकून आले.

"दर सोमवारी मीच भुकतो. म्हणलं, एक डाव नाय भुकलं तर धनी उठतो का, ते बघावं."

शिंगाडे रागावले नाहीत. पडताळा घेणाऱ्याच्या सवयीने त्यांनी विचारलं, "मग? लवकर आलो का?"

"च्या दोनदा उकळला."

तो चहा आम्ही प्यालो. आबांनी मला मेंढरं दाखवली, प्रत्येकाचा स्वभाव सांगितला. शिंगाड्यांना दुपारी ऑफिसची बैठक होती, म्हणून आम्ही उठलो. दारात माझे बूट जागच्या जागी होते. शिंगाड्यांची एकच चप्पल होती.

त्यांनी चपलेकडे पाहिलं. मग आबांकडे. आबा मन लावून तंबाखू मळत होते.

शिंगाड्यांनी मोबाईल काढून ऑफिसला रजा कळवली आणि ते परत येऊन बाजेवर टेकले. आबा न बघता थोडे बाजूला सरकले.

मी एकटाच परतलो.