फळीवरची ढेप

झुंबरबाईंच्या घरात साबण कधी संपत नसे. तो फक्त लहान होत जाई. अंगाचा साबण पातळ झाला की हाताचा व्हायचा आणि हाताचा झिजला की मोरीतल्या बरणीत जायचा. टूथपेस्टची नळी आधी दाबली जाई, मग लाटण्याने लाटली जाई आणि शेवटी कात्रीने उभी चिरली जाई. शांपूच्या बाटलीत पाणी घालून ती इतक्यांदा खळखळवली जाई, की अखेरीस केसांना शांपूची नुसती आठवण लागे. घरात काही कमी होतं म्हणून हे चाललेलं नव्हतं. मुलगा सम्राट चांगल्या नोकरीला होता, नवरा कृष्णात पेन्शन घेत होता. पण वस्तूत जीव आहे तोवर ती टाकायची नाही, हा झुंबरबाईंचा धर्म होता आणि धर्माची चेष्टा त्या खपवून घेत नसत.

सून अनुजा शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंशी काय बोलावं हे तिला सुचत नसे. मोरीतल्या बरणीने तो प्रश्न सोडवला.

"आत्या," ती एकदा म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "ह्या चकत्या किसून, थोड्या पाण्यात मंद आचेवर वितळवल्या तर परत साबण होतोय."

झुंबरबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "म्हंजे शिकलीस ते वाया गेलं न्हाय की," त्या म्हणाल्या. त्या घरात याहून मोठं कौतुक कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात बरणी भरली, ती बहुतेक चंदनाच्या आणि आयुर्वेदिक साबणांच्या चकत्यांनी. वितळवल्यावर त्यांचा रंग गडद तांबूस पिवळा झाला. ओतायला साचा हवा होता. गुळाची छोटी ढेप ज्या प्लास्टिकच्या भांड्यात येते, ते भांडं झुंबरबाईंनी अर्थातच ठेवलं होतं. गुंडाळायला कागद हवा होता. गुळाचा कागदही घडी घालून ठेवलेला होता. ओला साबण लवकर झिजतो, कोरड्या हवेशीर जागी मुरू दिला की जास्त दिवस टिकतो, हे अनुजानेच सांगितलं. घरातली सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे स्वयंपाकघरातली वरची फळी. ढेप तिथे गेली. प्रत्येक पाऊल शहाणपणाचं होतं.

त्याच दिवसांत नणंदेच्या, स्नेहलच्या लग्नाची बोलणी मुरगूडच्या एका घराशी चालली होती. मुलगा पृथ्वीराज. स्नेहलला तो आवडला होता, इतका, की ती हल्ली फोन घेऊन गच्चीवर जायची आणि खाली येताना उगीचच शांत चेहरा करायची. दोन्हीकडचे आईबाप राजी होते. राहिला होता तो मुलाच्या आजोबांचा शब्द. आजोबांनी, म्हणजे बाळासोंनी, जन्मभर गुऱ्हाळ चालवलेलं. त्या घरात अजूनही त्यांनी मान हलवल्याशिवाय पान हलत नसे.

"वहिनी, आजोबा न्हाय म्हणाले तर पृथ्वी बी काय करू शकायचा न्हाय," स्नेहल अनुजाला म्हणाली होती. तेव्हा तिचा चेहरा शांत नव्हता.

आणि आजोबा आले ते न कळवता. गूळ मार्केटला काम होतं, म्हणून बायकोला, तानाबाईंना घेऊन कोल्हापूरला आले आणि 'आलोच हाय तर घर बघून जाऊया' म्हणून दारात उभे राहिले. त्या दिवशी घरात वर्षाची कांदा-लसूण चटणी चालली होती. मागच्या अंगणात अनुजा मिरच्या भाजत होती. घरभर असा ठसका भरला होता, की कुणाच्याही नाकाला तिखटापलीकडे काही कळत नव्हतं.

"या या पावणं! बसा," कृष्णात खोकत खोकत म्हणाले.

"चटणी व्हय?" बाळासोंनी डोळे पुसत विचारलं. "चालू दे, चालू दे. चटणी जोरात तर घर जोरात."

दारी आलेल्या माणसाच्या हातावर आधी गूळ-पाणी ठेवायचं, मग बाकीचं. झुंबरबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या. दिवसाउजेडी तिथला दिवा लावायचा नाही, हा नियम त्यांचाच. अंधुक उजेडात त्यांनी फळीवर हात फिरवला, ओळखीचा कागद लागला, ढेप काढली, बत्त्याने कडेचे चार तुकडे पाडले आणि बशी घेऊन त्या बाहेर गेल्या.

अनुजा पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा बशी बाळासोंच्या पुढ्यात होती. गूळ फुटतो तो कणीदार. बशीतले तुकडे कापल्यासारखे गुळगुळीत फुटले होते. तिला एका नजरेत कळलं. बाळासोंनी तुकडा उचलला. थांबवायला तिने तोंड उघडलं आणि मिरचीने घात केला. तिला लागोपाठ शिंका आल्या. त्या थांबल्या तेव्हा तुकडा बाळासोंच्या तोंडात होता.

बाळासोंनी जीभ फिरवली. डोळे मिटले. भाषण ऐकावं तसं ते आपल्याच तोंडाकडे लक्ष देत राहिले. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यांच्या पांढऱ्या मिशीच्या टोकाला एक बारीक बुडबुडा आला.

चिमूटभर साबणाने माणसाला काही होत नाही, हे अनुजाला माहीत होतं. लग्न मोडतं का, याबद्दल मात्र तिच्या शास्त्रात काही सांगितलेलं नव्हतं.

"हायड्रोस!" बाळासो गरजले.

"आँ?" कृष्णात म्हणाले.

"हायड्रोस घातलाय! सोडा घातलाय! गूळ पिवळा दिसावा म्हणून काय काय कालवत्यात, बघा ह्यो फेस!" त्यांनी बोटावर बुडबुडा घेऊन सगळ्यांना दाखवला. "अवो, आमी भेंडीचा चीक घालून रसातली मळी काढायचो. हात भाजून घेतलं, पण औषध न्हाय घातलं. आणि आज कोल्हापुरात, गुळाच्या पेठेत, माणूस ह्यो असला गूळ खातोय? कळत कसं न्हाय तुमास्नी? खाऊन बघा की!"

त्यांनी बशी कृष्णातांपुढे धरली. कृष्णातांनी झुंबरबाईंकडे पाहिलं. झुंबरबाई फळीकडे पाहत होत्या. त्यांना आता उमगलं होतं. दारामागे स्नेहल उभी होती. कृष्णातांनी तिच्याकडे पाहिलं, तुकडा उचलला, तोंडात टाकला, चावला आणि गिळला. मुलीसाठी बाप काय काय करतो, ते अनुजाने तेव्हा पाहिलं.

"व्हय," ते बारीक आवाजात म्हणाले. "जरा... येगळाच लागतोय."

"येगळा? इख हाय इख! तू घे की गं," बाळासो बायकोला म्हणाले.

तानाबाईंनी एक तुकडा घेतला, ओल्या बोटांत जरा चोळला, बोटांकडे पाहिलं आणि तो पदराच्या टोकाला बांधला. "मला शुगर हाय," त्या म्हणाल्या. "घरी न्हेऊन नातवंडास्नी देते."

"पोरांना न्हाय द्यायचं असलं!" बाळासो म्हणाले.

"मी टाकूनच देते की सगळा," झुंबरबाई घाईने बशी उचलत म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून या घरात पहिल्यांदाच निघाले.

"टाकताय कशापायी? आणा ती ढेप हिकडं. आमच्याकडं गुऱ्हाळवाल्यांची बैठक हाय. चार लोकांत ठेवतो आणि म्हंतो, खाऊन बघा, लोकं काय खात्यात ते!"

ढेप कागदासकट गेली. जाताना बाळासोंनी चटणीचं कौतुक केलं, घराचं केलं, मुलीचा विषय काढलाच नाही.

पाहुणे गेल्यावर स्नेहलला सगळं कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त मोरीत गेली, रिकामी बरणी उचलून आईच्या पुढ्यात ठेवली आणि गच्चीवर निघून गेली.

"माझीच चूक," अनुजा म्हणाली. "मी फळीवर ठेवायला नको होता."

"तू चिठ्ठी लावायला पायजे हुतीस," कृष्णात म्हणाले. त्यांना अजून ढेकर येत होते.

"चिठ्ठीला कागद लागतोय," झुंबरबाई म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. त्या दिवशी त्यांनी चिरलेली टूथपेस्टची नळी न खरवडता तशीच कचऱ्यात टाकली. अनुजाला त्यांची तेव्हा खरी काळजी वाटली.

"त्या बैठकीत कुणीतरी ओळखणारच," स्नेहल रोज म्हणायची. "मग आपण साबण खाऊ घालणारी माणसं. तालुकाभर!"

बैठक होऊन गेली म्हणे, पण काहीच कळलं नाही. मग अचानक मुरगूडहून फोन आला: रविवारी घर बघायला या. कशासाठी, हे अनुजाला उमजेना. चारचौघांत हजेरी घ्यायला बोलावत असतील, असं कृष्णात म्हणाले. सम्राटने गाडी काढली.

मुरगूडच्या घरी मात्र पंगत झाली, तांबडा-पांढरा रस्सा झाला, आग्रह झाला. बाळासोंनी भेसळीवर भाषण केलं, पण कोल्हापूरच्या गुळाचा शब्द काढला नाही. जेवण झाल्यावर झुंबरबाई आणि अनुजा हात धुवायला मागच्या नळावर गेल्या.

नळाशेजारी फुटक्या बशीत साबण होता. तांबूस पिवळा. कडेला गुळाच्या भांड्याचे वळ अजून दिसत होते.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मागून तानाबाई टॉवेल घेऊन आल्या.

"घ्या की, लावा हाताला. तुमचाच हाय."

झुंबरबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"पदराला बांधला तवाच वळिकला मी," तानाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्यात बी चकत्या जमवतो. मी आपली दाबून दाबून त्यांचा गोळा करायची, तो दोन दिवसांत सुटायचा. तुमची ढेप बघितली आणि म्हटलं, ह्याला म्हंत्यात घर!"

"आणि बैठक?" अनुजाने विचारलं.

"ढेप घुशीनं पळवली म्हणून सांगितलंय मालकास्नी. दोन दिवस घुशीला शिव्या देत हुते." त्यांनी मागे वळून पाहिलं. "ते तर नकोच म्हणत हुते. गूळ कळत न्हाय त्यांची पोरगी नको म्हणे. मी म्हटलं, पोरगी हीच पायजे. माझ्या सुना दुधाची पिशवी धुऊन सुद्धा घेत न्हाईत, तशीच टाकत्यात. माझ्या माघारी ह्या घरात काय ऱ्हाईल सांगा?"

झुंबरबाईंनी डोळ्याला पदर लावला. इथे मिरच्या भाजलेल्या नव्हत्या.

"तेवढं एक सांगा," तानाबाई म्हणाल्या. "शेवटाला जरा मऊ पडतोय ह्यो."

"आमच्या सुनेला इचारा. तिचंच शिक्षान हाय ते," झुंबरबाई ताठ होत म्हणाल्या.

"मीठ," अनुजा म्हणाली. "वितळताना चिमूटभर मीठ टाकायचं. घट्ट बसतोय."

इतक्यात बाळासो हात धुवायला आले. तिघी बाजूला सरकल्या. त्यांनी बशीतला साबण उचलला, दोन्ही तळव्यांत घोळवला, मनगटापर्यंत पांढरा फेस काढला आणि हात पाहुण्यांपुढे धरले.

"बघा. फेस बघा, वास बघा. आमच्या घरात साबण सुद्धा बिनभेसळीचा असतोय. ह्याला म्हंत्यात चोख माल!"

"व्हय की," झुंबरबाई गंभीरपणे म्हणाल्या.

बाळासो हात पुसत आत गेले. नळ वाहतच राहिला होता. तो बंद करायला झुंबरबाईंचा आणि तानाबाईंचा असे दोन हात एकदम पुढे आले.