बोनेटवर पाय देऊ नका

“ओ सर, बोनेटवर पाय देऊ नका!”

सुदामभाऊ माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी दचकून खाली पाहिलं. खाली अंगणातली काळी माती होती, मातीवर चुन्याची एक रेघ होती आणि रेघेच्या आत माझी चप्पल होती. बोनेट कुठेच नव्हतं.

“वळसा घालून या. डाव्या अंगानं. आरशाला धक्का लागू देऊ नका.”

मी वळसा घातला. डाव्या अंगानं, कोपर आत घेऊन. कुणी ठामपणे सांगितलं की मी नसलेल्या आरशालाही जपतो, हा माझा स्वभाव आहे. आमच्या घरी तो लग्नानंतर आठ दिवसांतच सगळ्यांना कळला होता.

नव्वदच्या आगेमागे मंठ्याच्या हायस्कुलात मी बदली होऊन इंग्रजी शिकवायला आलो. भाड्याच्या खोल्या मिळाल्या त्या सुदामभाऊंच्या शेजारी. रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला घर. शेडमध्ये जीपा, ट्रॅक्टरचे मडगार्ड, ट्रॉल्यांची फाळकी, असं ठोकायला आणि रंगवायला काहीही येई. मी गेलो होतो माझ्या स्कूटरचा पोचा काढून घ्यायला. तो पोचा कसा पडला हे मी सगळ्यांना वेगवेगळं सांगितलेलं आहे, म्हणून इथे सांगत नाही.

अंगणात चुन्यानं आखलेली ती आकृती म्हणजे एक इटालियन गाडी होती. खऱ्या मापाची. लांबी, रुंदी, चाकांमधलं अंतर, सगळं टेप लावून घेतलेलं. चार कोपऱ्यांत चार खुंट्या आणि त्यांना कमरेच्याही खाली ताणलेली सुतळी, कारण गाडीची उंचीच तेवढी. आत डाव्या बाजूला, तिकडच्या पद्धतीनं, एक पालथा डबा. ती ड्रायव्हरची सीट.

“ताशी दोनशेच्या वर पळती,” सुदामभाऊ म्हणाले. “म्हंजे इथं न्हाई. तिकडं.”

तिकडं म्हणजे दुबईला. तिथे एका गॅरेजात त्यांचा धाकटा भाऊ अंकुश काम करायचा. श्रीमंत लोक भारी गाड्या विकत घेतात आणि तेवढ्यानं समाधान होत नाही म्हणून गाड्यांना बाहेरून आणखी काही काही लावून घेतात, ते लावायचं काम. अंकुश घर सोडून गेला त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत पत्र नाही, निरोप नाही. आणि मी यायच्या महिनाभर आधी एक जाड पाकीट आलं होतं. आत एका लाल गाडीचा फोटो, गाडीची मापं, इंग्रजी कॅटलॉगची पानं आणि चिठ्ठी: ‘दादा, शेखाची गाडी आली आहे. काय काय लावावं? मागचा पंख कोणता बसवावा?’

बस. कसा आहेस नाही, वहिनी कशी आहे नाही, मी कधी येईन नाही.

मी इंग्रजीचा मास्तर आहे हे कळल्यावर सुदामभाऊंनी माझा बोनेटवरचा पाय माफ केला आणि कॅटलॉग माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, कॅटलॉग वाचणं म्हणजे काय मोठंसं! मी दहावीला शेक्सपिअरची सोपी केलेली गोष्ट शिकवत होतो. पण त्या पानांतला एकही शब्द शेक्सपिअरला आला नसता. डिफ्यूझर. मी डिक्शनरी काढली. ‘पसरवणारा,’ मी म्हणालो.

“काय पसरवितो?”

“ते दिलेलं नाही.”

सुदामभाऊंनी फोटो उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि गाडीच्या मागच्या पोटाखाली बोट ठेवलं. “हवा. पुढून खाली शिरलेली हवा हितून निघाया पायजे. न्हाई निघाली तर गाडी वर उचलंल.” डिक्शनरीला जे जमलं नव्हतं ते त्यांनी नुसत्या नजरेनं केलं होतं. मी डिक्शनरी मिटली. पुढे चार वर्षं आमची वाटणी तीच राहिली: मी अक्षरं वाचायची, अर्थ त्यांनी सांगायचा.

सजावटीच्या बाबतीत सुदामभाऊंचं मत पक्कं होतं आणि ते पोळ्यातून आलेलं होतं. गावात पोळ्याला कुणाचा बैल चांगला सजला हे ठरवायला त्यांना बोलवत. “झूल पाहून लोक वा म्हणले की समजायचं, बैल वाया गेला,” ते म्हणत. त्या न्यायानं शेखाच्या गाडीची कितीतरी सजावट त्यांनी मंठ्यात बसून नापास केली. बाजूचे सोनेरी पट्टे नापास. बोनेटवरची खोटी भोकं नापास. “हवा आत जात न्हाई तर भोक कशाला? नाकात चमकी घालायची तर नाक टोचावं लागतं.” दरवाज्याखालची लांब पट्टी पास, पण काळ्या रंगात. चाकं पाच काड्यांची, दहा काड्यांची नाहीत, कारण दहा काड्या धुणार कोण?

पुढच्या बंपरखाली लावायच्या ओठावर, म्हणजे पुढे आलेल्या पट्टीवर, मात्र अडलं. कॅटलॉगप्रमाणे तो जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. सुदामभाऊ उठले, टेप घेऊन मला स्टँडपुढच्या गतिरोधकाकडे घेऊन गेले आणि भर रहदारीत पालथे झोपून त्यांनी त्याची उंची मोजली. मी रहदारी अडवायला उभा होतो. माझे दोन विद्यार्थी तिथून गेले आणि नमस्कार सर म्हणाले.

“लिहा,” सुदामभाऊ घरी आल्यावर म्हणाले, “ओठ बारा बोटं वर घे. खाली घासतो.”

महिनाभरानं उत्तर आलं: ‘दादा, इथे असे गतिरोधक नसतात.’

“आज न्हाईत,” सुदामभाऊ म्हणाले. “नवा रोड झाला की पब्लिक मागून घेती.”

चिखल उडू नये म्हणून मागच्या चाकांना रबरी फडकी लावावीत, अशीही सूचना इथून गेली. त्यावर अंकुशनं लिहिलं, ‘शेखाला दाखवलं. शेख हसला. चांगलं आहे म्हणाला.’ हे वाक्य सुदामभाऊंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि त्या दिवशी शेडमध्ये आलेल्या प्रत्येक जीपवाल्याला ऐकवलं.

फोन का करत नाही, असं मी एकदा विचारलं. स्टँडपाशी बूथ झाला होता. “फोनवर काय सांगू?” ते म्हणाले. “फोनवर पंख दिसत असतो का?”

पार्वतीवहिनींना, म्हणजे सुदामभाऊंच्या बायकोला, या गाडीनं वैताग आणला होता. अंगण झाडायचं तर बाहेरून झाडायचं. सडा टाकायचा तर चुना पुसणार नाही असा. उन्हाळ्यात त्या मिरच्यांची पाटी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहत आणि मोठ्यानं म्हणत, “गाडी काढा ओ, वाळवण टाकायचंय!”

सुदामभाऊ क्षणभर खरोखर अडचणीत पडत.

“मला एक सांगा सर,” वहिनी मला म्हणाल्या, “ह्या गाडीत शिटा किती?”

“दोन.”

“मंग मला माहेरी आष्टीला न्यायला ती काय कामाची? एका शिटावर हे बसणार आन् दुसऱ्यावर तुम्ही, डिक्शनरी घेऊन.”

असं करत करत दीड-दोन वर्षांत सगळं ठरलं. चाकं, आरसे, पट्ट्या, ओठ, रंग. राहिला फक्त मागचा पंख. आणि तो ठरेना. कॅटलॉगमध्ये सात प्रकार होते. सुदामभाऊंनी सातही पत्र्यातून कापून, वाकवून खऱ्या मापाचे केले आणि दोन बांबूंवर चढवून एकेक त्या चुन्याच्या गाडीमागे उभा केला. मग रस्त्यापलीकडे जाऊन बघायचे. परत यायचे. “बराबर हाय,” म्हणायचे, “पन बसलं न्हाई.” दर पत्रात अंकुश विचारी, पंखाचं काय? दर पत्रात मी लिही, पाहून राहिलो आहोत.

“पंख कशाला असतो, ठाव हाय का?” एकदा त्यांनीच मला शिकवलं. “इमानाचा पंख वर उचलतो. ह्यो उलटा. खाली दाबून धरतो. लई पळणारी गाडी हातची जाऊ नये म्हनून.”

“मग त्यातला एक निवडून टाका की,” मी म्हणालो. “शेख म्हातारा होईल.”

ते उठून शेडमध्ये गेले. ते गेल्यावर वहिनींनी सांगितलं.

अंकुश पंचविशीचा असताना राजूरच्या एका माणसाची जीप लग्नासाठी रंगवायला आली होती. अंकुशनं कुठल्याशा मासिकात पाहून तेलाच्या पत्र्याच्या पिंपातून एक पंख घडवला. आठ दिवस, कुणाला न सांगता. कडा घासून, रंग देऊन जीपच्या मागे चढवला. जीपवाला न्यायला आला तेव्हा सोबत वीस माणसं होती. ती हसली. सुदामभाऊंना लाज वाटली. ‘जीपला पंख लावतो! कोंबडी हाय का ती?’ म्हणाले, आणि सगळ्यांसमोर हातोड्यानं दोन घाव घालून तो पंख उखडून काढला. लोक आणखी हसले. अंकुशनं हात धुतले, कपडे बदलले आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला.

“चार वर्सांनी पत्र आलं,” वहिनी म्हणाल्या, “तर त्यात हेच. पंख कोणता लावावा. ह्यांनी मला रातभर इचारलं, टोमणा मारून राह्यला का खरंच इचारून राह्यला? मी काय सांगू?”

सातातला एकही पंख का बसत नव्हता ते मला तेव्हा कळलं. मी वर्गात मुलांना समज वाढवा म्हणून सांगत असे.

चौथ्या वर्षी अंकुशसोबत काम करणारा आष्टीचा एक जण सुट्टीवर आला. अंकुशनं त्याच्या हाती वहिनींसाठी साडी पाठवली होती. तो अंगणात आला (डावीकडून, मी सांगितलं म्हणून) आणि चुन्याची गाडी पाहून हसायला लागला.

“ही गाडी? ही तर पंधरा दिवस व्हती आमच्याकडं. तवाच गेली. चार वर्स झाली की! शेखानं काईच लावून घेतलं न्हाई तिला. नुसती पॉलिश करून नेली.”

मी पटकन विषय बदलायला पावसापाण्याचं विचारलं. तो चहा पिऊन गेला. सुदामभाऊ पालथ्या डब्यावर, ड्रायव्हरच्या सीटवर, बसून राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. काय बोलावं या विचारात मी दरवाजा जिथे असायला हवा तिथे उभा राहिलो.

“सर, तोंड पाडू नका,” ते म्हणाले. “मला काय कळत नव्हतं का? चार वर्स गाडी गॅरेजात ठिवून शेख काय उंटावर फिरून राह्यला असंल?”

“मग?”

“मंग काय. तो इचारत व्हता, मी सांगत व्हतो. पंख ठरला असता तर इचारायला काय राह्यलं असतं?”

पत्र्याला हातोडी लावत नसले की त्यांच्या हातांना काय करावं ते सुचत नसे. त्यांनी सुतळीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“लिहा सर,” ते म्हणाले. मी कागद काढला. “पंख तू जीपला केलता तसाच लाव. त्यात चूक नव्हती. चूक माझी व्हती.” मग म्हणाले, “बस. पाकीट बंद करा.” मी खाली ‘तुझा दादा’ लिहू का विचारलं. ते म्हणाले, त्याला ठाव हाय.

एक महिना गेला. दुसरा गेला. पोस्टमन सायकलवरूनच हात हलवून पुढे जाई. पावसानं चुना धुवून नेला आणि सुदामभाऊंनी तो पुन्हा आखला नाही. वहिनी अंगणातून सरळ चालत येऊ लागल्या आणि मधेच, सवयीनं, थबकू लागल्या. मीसुद्धा डावीकडूनच जात राहिलो. एकदा आमच्या घरी तीन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही, कारण ते पत्र पाठवायला नको होतं असं मी म्हणालो होतो.

दिवाळीच्या अलीकडे पाकीट आलं. हातात घेतानाच हलकं लागलं. फोटो नाही, माप नाही, कॅटलॉगचं पान नाही. वहीचा अर्धा कागद, आणि एक ओळ: ‘दादा, तुझी तब्येत कशी आहे?’

सुदामभाऊंनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला, लांब धरला, डोळे बारीक केले, जसं फोटोकडे बघत तसं.

“ह्याचं काय उत्तर द्यायचं असतं, सर?”

“जे असेल ते.”

त्यांची तब्येत मला दिसतच होती. त्या सकाळी ट्रॉलीचं फाळकं त्यांनी एकट्यानं उचलून भिंतीला टेकवलं होतं. मी ‘तब्येत’ लिहून थांबलो.

“लिहा,” ते म्हणाले. “बरी न्हाई.”

आतून पार्वतीवहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. “अगं बाई! मंग सकाळी चार भाकरी कुणी खाल्ल्या?”

“तू गप. बरी हाय म्हनून लिहिलं तर तो कशाला येईल?”

वहिनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. परातीकडे जायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग म्हणाल्या, “गुडघ्याचं लिहा सर. गुडघा काय दुबईतून तपासता येत न्हाई.”

मी गुडघ्याचं लिहिलं. बावीस वर्षांच्या मास्तरकीत कुणाला खोटा दाखला दिला नव्हता; पण अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं. सुदामभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“सर,” ते हळूच म्हणाले, “लई भारी पन लिहू नका. घाबरंल तो.”