जिन्यावरच्या बाईचा हाउसकोट

टॉर्किल गिलेस्पी यांना स्वतःबद्दल बोलायला आवडत नाही. म्हणून ते मला बोलायला लावतात आणि मध्ये मध्ये दुरुस्त करतात. त्यांच्या मते डंडी शहरात, आणि टे नदीच्या पलीकडच्या काठावरसुद्धा, त्यांच्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कोणाची नाही. ही नजर त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासताना कमावली. "एल्स्पेथ, खोटारडा माणूस आधी खिशाकडे बघतो," असं ते सांगतात. तिकीट असलेला माणूसही खिशाकडेच बघतो, असं मी एकदा सुचवलं. शंका काढत बसणं हा प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्यांचा आजार आहे, असं उत्तर मिळालं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होते.

त्या शनिवारी लॅकी पिरी आमच्याकडे आला तो भिजून. लॅकीला इंटरनेटवर आठ लाख माणसं ओळखतात. गालिच्यांच्या दुकानात नोकरीला असताना तो जेवणाच्या सुट्टीत गुंडाळलेल्या गालिच्यांमागे उभा राहून मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ काढायचा. गुलाबी हाउसकोट, घरकामाचा तो झगा, चढवला की लॅकीची 'जिन्यावरची बाई' व्हायची. कोणाच्या कचऱ्याच्या डब्यात काय निघालं ते ही बाई जगाला सांगते, आणि सुरुवात ठरलेली: "मी काही बोलत नाही, पण..." कॅनडात जाऊन राहिलेल्या स्कॉटिश लोकांनी तिला हसत आणि मग रडत पाहिलं. तेवढ्यावर लॅकीने नोकरी सोडली. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा समोर बसलेल्या माणसांपुढे उभा राहणार होता. सगळी तिकिटं खपली होती, आणि हाउसकोट नाहीसा झाला होता.

"दुसरा घाल," मी म्हटलं.

"घालून बघितला, एल्स्पेथमावशी. आवाजच येत नाही." त्याने करून दाखवलं. "मी काही बोलत नाही, पण..." गालिच्याचा फुटाचा भाव सांगावा तसं वाटलं.

"आज पडलो तर सोमवारी परत गालिचे," तो म्हणाला. "मालक म्हणालाय, तुझा एप्रन खुंटीवरच ठेवलाय."

"आईने धुवायला तर घेतला नाही?"

"आई? ती त्याला हात लावत नाही. असलं ध्यान मी धुणार नाही म्हणते. आणि ती गेलीय केस सेट करायला, फोन घरी टाकून."

"धुणं," टॉर्किल माझ्याकडे बघून खिन्नपणे म्हणाले. "गुन्ह्यासमोर उभं राहून हिला धुणं सुचतं."

आम्ही लॅकीच्या इमारतीत गेलो. तळाच्या पायरीवर टॉर्किलना कपड्यांचा लाकडी चिमटा सापडला. तो त्यांनी रुमालात धरून उजेडात फिरवला.

"चोराने नाकाला हा लावला होता. म्हणजे हाउसकोटाला वास येत होता. लॅकी, येत होता का?"

"थोडा."

"पहिला दुवा."

"चिमट्याने कपडे वाळत घालतात," मी म्हटलं.

"सामान्य लोक."

एक मजला चढेपर्यंत चोर ग्लासगोचा होता, कारण डंडीच्या माणसाचं नाव झालेलं ग्लासगोला बघवत नाही. दुसऱ्या मजल्यावर तो कॅनडाचा झाला. तिसऱ्यावर टॉर्किलना दम लागला आणि चोर खुद्द लॅकी ठरला, भीतीपोटी, झोपेत चालत जाऊन. लॅकीचा चेहरा असा झाला की त्याला ते पटू लागलं असावं.

शेवटी आम्ही खाली उतरून तळमजल्यावरच्या विल्मा क्रूकशँकचं दार वाजवलं.

"मी काही बोलत नाही, टॉर्किल," विल्मा म्हणाली, "पण पायपुसणं बाहेर उगाच टाकलेलं नाही." तिने चहा दिला. टॉर्किल खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि झोपेत चालणाऱ्यांबद्दल बोलू लागले. त्यांच्या मांडीखालून गुलाबी कापडाचा कोपरा बाहेर आला होता.

"टॉर्किल, जरा उठता का?"

"मध्ये बोलू नकोस."

तेवढ्यात लॅकीची आई नेटा आत आली. नव्या केसांवर प्लास्टिकची टोपी बांधलेली. "विल्मा, माझे कपडे काढलेस का गं दोरीवरून?"

"न काढून? पाऊस आला की घरी असेल त्याने सगळ्यांचे काढायचे. इस्त्रीसुद्धा झाली. त्या खुर्चीवर आहेत. टॉर्किलच्या खाली."

टॉर्किल उठले. लॅकीने हाउसकोट चढवला. बाहीला कडक घडी होती आणि साबणाचा सुगंध येत होता.

"मी काही बोलत नाही, पण..." फुटाचा भाव. लॅकी मटकन खाली बसला. "गेली. बाई धुऊन गेली."

"म्हणजे चोर..." टॉर्किल नेटाकडे बोट दाखवायला वळले. बोट कप धरलेल्या हाताचं होतं. चहा बरोबर लॅकीच्या खिशावर सांडला.

"मी काही बोलत नाही, पण..." नेटा म्हणाली.

"मी काही बोलत नाही, पण..." विल्माही त्याच क्षणी म्हणाली.

"पण कप धरता येत नाही त्याने चोर धरू नये," लॅकी म्हणाला. आवाज बाईचा होता. तो स्वतःच दचकला.

डाग पुसायला फडकं आणायला मी स्वयंपाकघरात गेले. नेटा मागोमाग आली. "पुसू नकोस गं फार," ती कुजबुजली. "एरवी मी धुतला नसता. पण एवढी माणसं आज विल्माला हसणार, निदान स्वच्छ असावा म्हटलं. बिचारीला अजून कळलेलं नाही, पोरगा तिचीच नक्कल करतो."

ती गेली आणि विल्मा आली. "इस्त्री केली ती नेटासाठी. पोटचं पोर आईची नक्कल करतं आणि तिला पत्ता नाही. लाजेची निदान घडी तरी नीट असावी."

संध्याकाळी त्या दोघी पहिल्या रांगेत शेजारी बसल्या. लॅकी चहाच्या डागासह आला, खिडकीतून वाकावं तसा वाकला आणि त्याने पहिलं वाक्य टाकलं. सभागृह हशाने कोसळलं. नेटाने विल्माच्या हातावर थोपटलं. विल्माने नेटाच्या. दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि जी ती दुसरीला सांभाळत होती.

घरी जाताना टॉर्किल म्हणाले, "चहा हा प्रयोग होता, एल्स्पेथ. आणि ती बाई मूळची कोण, तेही मी ओळखलंय. ग्लासगोची आहे."

मी काही बोलले नाही.