बियाण्याची दोन खरबुजं

खात्रीभाऊंचं खरं नाव आठवायला घरच्यांनाही क्षणभर थांबावं लागे. "खात्रीनं सांगतो" असं म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य बाहेरच पडत नसे, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. लोकांनी ठेवलं चेष्टेनं, भाऊंनी घेतलं पदवीसारखं.

त्या हंगामात भाऊंची सगळी खात्री दोन खरबुजांवर येऊन बसली होती. मळा तसा लहान. घरच्या माणसांनीच पेरायचा, घरच्यांनीच तोडायचा. पण त्यातलं खरबूज असं, की माणूस कुंपणाशी पोचायच्या आधी वास त्याला सामोरा येई. बियाणं भाऊंच्या आईचं. आई देवाघरी गेली, जाताना नियम सांगून गेली: बी धरायचं ते वेलाच्या बुडाजवळच्या पहिल्या फळाचं, आणि देठ आपणहून सुकेपर्यंत वेलावरून हलवायचं नाही. दरवर्षी थोडं बी मागं ठेवायचं, हेही सांगून गेली होती. ते सांगणं भाऊंनी यंदाच्या पेरणीला मोडलं. मागं ठेवणं म्हणजे देवावर अविश्वास, असं म्हणून डबा झटकून झटकून पेरला. तेव्हा पुढच्या वर्षीचा अख्खा मळा आता त्या दोन फळांच्या पोटात होता.

म्हणून त्यांनी ती दोन्ही वाळल्या गवताखाली झाकली आणि कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. गुपित एकाच पोटात असलं म्हणजे फुटत नाही, खात्रीनं सांगतो, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं. ऐकणारा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे ते लगेच पटलंही.

आता तोडणीच्या दिवसांत मदतीला म्हणून सासूबाई आलेल्या. बाई लाख मोलाची. गुडघा दुखरा, पण स्वस्थ बसणं ठाऊक नाही. दुसऱ्याला काही दिल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. आणि नजर अशी, की पसाभर तांदळातला खडा दारातून दिसावा.

त्या दिवशी भाऊ बाजारात फळवाल्याकडे करंड्या उतरवून आले आणि रोजच्यासारखे गुपचूप त्या कोपऱ्यात गेले. गवत बाजूला सारलेलं. दोन देठ, सुरीनं स्वच्छ कापलेले. पाळण्यात हात घालावा आणि हाताला नुसतं दुपटं लागावं, तसं झालं. भाऊ सरीतच बसले. उठले तेव्हा धोतराला चिखल होता आणि ओठांना रंग नव्हता.

घरी आले तर सासूबाई नुकत्याच गावातून परतलेल्या, चेहरा उजळलेला.

"जावईबापू, तुमच्या नजरेतून दोन सुटली होती हो. गवतात दडून बसली होती लबाडं. मी पाहिलं म्हणून बरं, नाहीतर जागच्या जागी सडली असती."

भाऊंनी बारीक आवाजात विचारलं, कुठं आहेत ती. सासूबाईंनी हौसेनं सांगितलं. एक दिलं डॉक्टरीणबाईंना, कारण त्या गुडघा घाई न करता बघतात. दुसरं शिंप्याला, कारण त्याची लेक बाळंतपणाला आली आहे आणि तिला खरबुजाशिवाय काही सुचत नाही. "माझ्या जावयाच्या मळ्यातलं आहे, असं दोन्हीकडे ठणकावून सांगितलं," असंही त्या म्हणाल्या.

सासूबाईंच्या मागं बायको उभी होती, आणि आईला एक शब्द बोलून बघा, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. भाऊ म्हणाले, "छान केलंत." आणि सायकल काढली.

दवाखान्याच्या पायरीवरच त्यांना आपल्या खरबुजाचा वास आला. आत बशीत साली होत्या आणि कंपाउंडर बोटं चाटत होता. डॉक्टरीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं, अगदी थोडं जास्त पिकलं होतं पण साखर होती, म्हणाल्या. भाऊंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, बियांचं काय केलं? कंपाउंडरनं हात धुवायच्या मोरीकडे बोट दाखवलं. वरून दोन तांबे पाणीही ओतलं होतं, कारण मुलगा स्वच्छतेचा भोक्ता.

भाऊ तिथून निघाले ते शिंप्याच्या दुकानात. दुसरं खरबूज अजून अखंड होतं! कापडाच्या तुकड्यांत, टेबलाच्या मधोमध, पाहुण्यासारखं बसलेलं. लेक मांडीवर ताटली घेऊन वाट बघत होती आणि शिंपी सुरीला धार लावत होता.

आता बघा, इथं एक साधं वाक्य पुरलं असतं. "खुशाल खा, तेवढ्या बिया मला द्या." शेंबडं पोरही हे म्हणालं असतं. पण गुपित फार दिवस पोटात ठेवलं की सरळ वाक्याला गंज चढतो. बिया मागितल्या तर हे बियाण्याचं फळ होतं हे कळणार, ते कळलं तर सासूबाईंनी चुकून तोडलं हे गावभर होणार, आणि मग घरी बायको आहेच. एवढा विचार होईतो सुरी सालीला टेकली. भाऊंच्या तोंडून निघून गेलं,

"थांबा! कालच औषध मारलंय त्यावर."

सुरी थांबली. भाऊंना वाटलं, आता शिंपी म्हणणार, मग घेऊन जा हो परत. हात पुढं करून ते उभेही राहिले. पण शिंपी बाप होता. त्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं खरबुजाचा वास मघापासून घेतला होता. तिला एकदम आठवलं, की आपल्याला मळमळतंय. नऊ महिने मळमळतच होतं, पण आज त्याला कारण मिळालं. शिंप्यानं खरबूज अस्तराच्या कापडात गुंडाळलं, लेकीला रिक्षात घातलं आणि तडक दवाखाना गाठला. भाऊ रिक्षाच्या बाजूनं सायकल हाणत धीर देत होते, फार नाही मारलं, थोडंसंच मारलंय, साधंच औषध होतं. प्रत्येक धीरागणिक लेक आणखी पांढरी पडत होती.

दवाखान्यात शिंप्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे ऐकलं, मग त्यांचा हात हळूच स्वतःच्या पोटावर गेला. कंपाउंडर रुग्णांच्या बाकावर जाऊन आडवा झाला. बाकावर बसलेले रुग्ण उठले आणि आपापली दुखणी तिथंच टाकून बातमी घेऊन बाहेर पडले. न्हाव्याच्या दुकानापाशी बातमी पोचली तेव्हा एक बाई अत्यवस्थ होती. चौकात पोचली तेव्हा डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच दवाखान्यात भरती केलं होतं.

भाऊ घरी पोचायच्या आत फळवाल्याची हातगाडी त्यांच्या दारात पोचली होती. सकाळच्या सगळ्या करंड्या परत.

"भाऊ, माझा तुमच्यावर विश्वास आहे," फळवाला म्हणाला. "पण गिऱ्हाइकाचा माझ्यावर राहायला हवा ना? आता उद्यापासून माल नको."

तोडणी ऐन भरात. वर्षाची मीठमिरची त्या करंड्यांत होती. आणि ओसरीवर सासूबाई पिशवी भरून बसल्या होत्या. रडत नव्हत्या, हेच वाईट.

"मी विष वाटत फिरले का हो, जावईबापू?"

भाऊंचा बांध फुटला. त्यांनी सगळं सांगितलं, बियाणं, गवत, मोरी, सुरी. औषधाचा थेंबही मारलेला नाही, हेही सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बायको एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय ते भाजून खाल्लं असतं?"

भाऊ पुन्हा दवाखान्यात गेले आणि चारचौघांत खोटेपणाची कबुली दिली. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग जे काही बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. कंपाउंडर बाकावरून उठला, जरासा हिरमुसलेला. शिंप्याची लेक बरी होती आणि दुसरं काहीतरी खायला मागत होती. ते खरबूज कुठं आहे, असं भाऊंनी विचारलं. डॉक्टरीणबाई शहाण्या. कोणाच्या पोटात जाऊ नये म्हणून त्यांनी ते मागच्या खड्ड्यात टाकून, ठेचून, वर कळीचा चुना ओतला होता. भाऊ खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. चुना अजून फसफसत होता. देवा, एवढंच म्हणाले.

बी गेलं ते गेलं, निदान पीक तरी विकलं जावं. फळवाला म्हणाला, तोंडी सांगून कोणी ऐकणार नाही, लोकांसमोर खाऊन दाखवा. भाऊ भर बाजारात पालथ्या करंडीवर बसले आणि खाऊ लागले. पहिलं खरबूज चवीनं खाल्लं, दुसरं ऐटीनं. तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, ही बिनऔषधाची निवडून आणली असतील. मग भाऊंनी लोकांनाच निवडायला लावलं. लोकांनी मोठी मोठी निवडली. तिसरं त्यांनी कर्तव्य म्हणून खाल्लं. चौथ्याला शिंपी मान डोलवू लागला, एका बाईनं भाव विचारला, फळवाल्यानं तराजू पुसला. जिंकलोच होतो, असं भाऊ पुढं कितीतरी दिवस सांगत.

पाचव्याच्या पहिल्या फोडीला पोटातून एक लांब, खोल आवाज आला, रिकाम्या हौदात बादली पडावी तसा. भाऊंनी फोड खाली ठेवली. कपाळाला घाम आला. ते उठले, पोट दोन्ही हातांनी धरलं आणि पळाले. गर्दीनं त्यांना वाट करून दिली. त्या बाजाराची इतकी पक्की खात्री आजवर कशाचीच पटली नव्हती.

त्यानंतर खरबूज घ्यायला कुत्रंही फिरकलं नाही. वेल मात्र बिचारे आपलं काम करत राहिले. रोज नवी फळं पिकत, अंगणात ढीग चढे, वर गांधीलमाश्या घोंगावत. सासूबाई काही गेल्या नाहीत. दुखरा गुडघा लांब करून बसायच्या, मऊ पडलेली फळं चिरायच्या, गर गाईपुढं टाकायच्या.

भाऊ भिंतीला टेकून साखरमिठाचं पाणी पीत होते. पोट अजून ताळ्यावर नव्हतं. डोळे भरून आले. म्हणाले, पैसा काय, पुढच्या वर्षी मिळेल. पण आईचं बियाणं माझ्या हातून संपलं. तिला वर जाऊन काय तोंड दाखवू?

सासूबाईंची सुरी थांबली. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"एक विचारू का? ही सगळी कुठल्या बियाण्याची?"

"आईच्याच."

"मग ही त्या दोघांची भावंडंच की हो." त्यांनी चिरलेल्या खरबुजात हात घातला आणि मूठभर ओल्या, पिवळसर बिया त्यांच्यापुढं धरल्या. "यांच्या पोटात काय खडे आहेत?"

भाऊंनी ढिगाकडे पाहिलं. बुडाजवळचं पहिलं फळ, आपणहून सुकलेलं देठ, सगळं समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आणि तसंच, तोंड उघडं ठेवून, परसाकडे पळाले.