गोगट्यांचं ओहायो

गोगटेकाकांनी अमेरिका पाहिलेली नाही. तरुणपणी पुण्याहून निघाले ते थेट जर्मनीत उतरले आणि झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात चिकटले. तरीसुद्धा अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कुठल्या कॉलेजच्या खाणावळीत भात बरा मिळतो, कुठलं वसतिगृह गळतं आणि कुठल्या ग्रंथालयाच्या पायऱ्या बर्फात घसरड्या होतात, हे त्यांना तोंडपाठ आहे. फक्त ओहायो हं! शेजारच्या इंडियानाचं नाव काढलं, तर काका हात झटकून म्हणतात, "तिकडचं मला विचारू नका. तिकडे आपली ओळख नाही." जणू ओहायोत त्यांचा आतेभाऊ कलेक्टर आहे.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती फटीमुळे. काका कारखान्यात फटी मोजतात. गाडीचं दार आणि सांगाडा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी लागते. जास्त झाली तर वारा शीळ घालतो, कमी झाली तर दार घासतं. मी नवीन लागलो तो त्यांच्याच हाताखाली. पहिल्याच रविवारी ते आणि काकू आमच्याकडे चहाला आले. काकांनी आल्या आल्या आमच्या फ्रिजच्या दाराच्या कडेने अंगठा फिरवला, "वर जास्त आहे," असा निकाल दिला, कपाटाला "ठीक" म्हणाले आणि मग खुर्चीत बसून माझ्या बायकोला विचारलं, "केतकी, तुमच्याकडे कोणी शिकायच्या वयाचं आहे का?"

केतकीचा भाऊ ओंकार तेव्हा नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला पुढे शिकायला इथे जर्मनीतच, आखनच्या विद्यापीठात यायचं होतं. तिने तसं सांगितलं.

"आखन उत्तमच," काका म्हणाले. "पण माझ्या पाहण्यात एक स्थळ आहे."

केतकी गडबडली. "अहो काका, त्याच्या लग्नाचं अजून काही..."

"कॉलेज गं," काकू म्हणाल्या. "यांच्याकडे सगळी तसलीच स्थळं असतात. तू चहा घे."

आणि खरोखरच, काका कॉलेजांबद्दल बोलायला लागले की एखाद्या लग्न जमवणाऱ्या मावशीबाईंसमोर बसल्यासारखं वाटे. राज्याच्या मधोमध पसरलेलं अवाढव्य सरकारी विद्यापीठ म्हणजे 'थोरलं'. "घराणं मोठं रे, पण एकत्र कुटुंब. आपलं पोर त्यात दिसायचंसुद्धा नाही." चर्चने चालवलेलं एक होतं, तिथे बिअरला बंदी, म्हणून ते 'सोवळं'. उत्तरेकडच्या मोठ्या तळ्याकाठी वारं फार, म्हणून तिथलं ते 'सर्दीवालं'. दक्षिणेला नदीकाठी टेकड्यांवर एक होतं. पण त्या भागात पूर्वीपासून जर्मन लोक येऊन राहिलेले. "इतकं लांब जाऊन पुन्हा जर्मनच बघायचे, तर घरून निघालात कशाला?" असा काकांचा सवाल. आणि मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं एक छोटंसं कॉलेज होतं, ते 'मक्यातलं'.

ही सगळी माहिती यायची इंटरनेटवरून. त्या काळात कॉलेजांना नवीन हौस आली होती. आवारात एक कॅमेरा बसवायचा आणि त्यातलं चित्र आपल्या वेबसाइटवर टाकायचं. दर मिनिटाला चित्र बदले. काका संध्याकाळी कामावरून आले की बूट काढायच्या आधी कॉम्प्युटर लावत. तिकडे तेव्हा भरदुपार. मी गेलो तर मलाही शेजारी खुर्ची ओढून बसवत. पडद्यावर हिरवळ, एक झाड, एक बाक.

"बघ," काका म्हणत.

"काय बघू?"

"थांब. बदलेल."

मिनिटाने चित्र बदले. हिरवळ, झाड, बाक आणि कोणाचा तरी अर्धा पाय.

"गेनाऊ!" काका खूश होऊन म्हणत. 'अगदी बरोबर' या अर्थाचा हा जर्मन शब्द त्यांना जेवणातल्या मिठासारखा सगळीकडे लागतो.

ओहायोच्या तावडीतून कोणी सुटत नसे. काकांच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ हेबर्ले नावाच्या सत्तरीच्या बाई राहतात. जिना झाडायची पाळी कोणाची, यावरून त्यांनी अख्खी इमारत धाकात ठेवली आहे. काकांनी त्यांना एकदा जिन्यातच गाठलं आणि सर्दीवाल्यात वयस्कर मंडळींसाठी कुंभारकामाचा छान वर्ग असल्याचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि काकांच्या हातात झाडू दिला. काकांनी मुकाट्याने जिना झाडला, पण झाडता झाडता वसतिगृहाची माहिती देऊनच सोडली.

या सगळ्या वेडाचं मूळ म्हणजे सई, काकांची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. इथल्या शाळांमध्ये अकरावीच्या सुमाराला मुलांना एक वर्ष परदेशी कुटुंबात राहायला पाठवायची पद्धत आहे. सईच्या वाट्याला आलं ओहायोतलं एक शेतकरी कुटुंब. वर्षभर तिथे राहून ती परत आली, ती एकच गोष्ट घेऊन. शाळा संपली की शिकायला तिकडेच जायचं, आणि तेही त्या गावाजवळच्या मक्यातल्या कॉलेजात.

"बघू," काका म्हणाले होते. "आधी जरा चौकशी करतो."

ती चौकशी मी आलो तेव्हाही चालूच होती.

त्या चौकशीतली गंमत माझ्या हळूहळू लक्षात आली. आमच्या ओंकारसाठी काकांनी मक्यातलं सुचवलं, तेव्हा म्हणाले होते, "इतकं निर्धास्त ठिकाण नाही पाहिलं बघ. मुलं दुपारी हिरवळीवर खुशाल झोपलेली असतात." पुढच्याच रविवारी त्यांच्या घरी सईसमोर तेच काका म्हणाले, "मक्यातलं? छे! पोरं भरदुपारी हिरवळीवर लोळत असतात. अभ्यास कधी करणार?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी फ्रिजकडे पाहिलं.

जगातल्या यच्चयावत मुलांना ओहायोतली कॉलेजं चालत होती, फक्त सईला एकही चालत नव्हतं. मक्यातल्याच्या तर काकांनी हात धुऊन पाठीस लागून खोडी काढल्या. मका डोक्याच्या वर जातो, पोर त्यात वाट चुकली तर? ग्रंथालय म्हणे रात्रभर उघडं असतं. चांगल्या घरांची दारं रात्री बंद असतात. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "मला बघायला आलेल्या तुमच्या आईनेसुद्धा इतक्या खोडी काढल्या नव्हत्या हो!"

वसंत आला तसा सईच्या अर्जाला मक्यातल्याचा होकारही आला, चांगल्या शिष्यवृत्तीसकट. आता फक्त काकांनी 'हो' म्हणायचं बाकी होतं, आणि कळवायची मुदत जवळ येत चालली होती. त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. मटकीची उसळ वाढता वाढता काका म्हणाले, "आज कॅमेऱ्यात नीट पाहिलं. त्या बाकाचा एक पाय मोडलाय. ज्यांना एक बाक दुरुस्त करता येत नाही, ते पोरांना काय शिकवणार?"

सईने चमचा खाली ठेवला.

"बाबा, राहू दे," ती म्हणाली. "मी नाही जात. इथेच श्टुटगार्टला शिकते. रोज घरूनच जाईन."

तिच्या तोंडून इतकं सलग मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. आवाज चढलेला नव्हता, राग नव्हता. ताट उचलून तिने बेसिनमध्ये ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मला वाटलं, काका जिंकले. आता जेवण झाल्यावर पेढे निघणार. पण काका उसळीकडे नुसते बघत बसले. मग उठून फ्रिजपाशी गेले आणि दाराच्या कडेने अंगठा फिरवू लागले. वरून खाली, खालून वर.

"अहो," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "कारखान्यात नव्या पोरांना काय शिकवता? जरा फट ठेवली नाही तर दार उघडत नाही म्हणून. मग घरातलंच दार कसं हो इतकं घट्ट बसवलंत?"

काका जाऊन सईच्या बंद दारासमोर उभे राहिले.

"सई," ते म्हणाले, "त्या बाकाचं काय आहे, बाक मोडला म्हणजे त्यावर मुलं बसत असणार. बसणारी मुलं असणं चांगलंच."

काकांनी दाराला कान लावला.

"आणि मका उंच असतो खरा, पण ओळीत असतो. ओळ धरून चाललं की माणूस बाहेर येतो."

केतकीने माझा हात घट्ट धरला.

"ग्रंथालय रात्रभर उघडं असतं ते बरंच आहे. पोर रात्री कुठे आहे ते आईबापांना कळतं." काका थांबले, चष्मा काढला, पुन्हा घातला. "आणि हिरवळीवर झोपलीस तर झोप. लहानपणी माझ्या पोटावर झोपायचीस, तेव्हा कुठे अभ्यास करत होतीस?"

मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं. दार उघडलं. सईचे डोळे लाल होते.

"पापा, डू श्पिन्स्ट," ती म्हणाली. म्हणजे, तुमचं डोकं फिरलंय.

"गेनाऊ," काका म्हणाले.

ऑगस्टमध्ये सई गेली. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि सामानाचं वजन करणाऱ्या मुलीला काकांनी विचारलं की ती कधी ओहायोला गेली आहे का. ती नव्हती गेली. मागे रांग खोळंबली होती, तरी काकांनी तिला थोडक्यात सगळं सांगितलं.

सप्टेंबरात एका रविवारी काकांचा फोन आला. "संध्याकाळी लवकर या. उशीर नको." आम्ही गेलो, तर कॉम्प्युटरसमोर चार खुर्च्या मांडलेल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर हिरवळ, झाड, बाक. बाकाचा पाय दुरुस्त झालेला होता.

चित्र बदललं. बाकाच्या पुढ्यात पिवळा टी-शर्ट घातलेली सई उभी होती, बोटाएवढी, एक हात वर केलेला.

काकांनी हात वर केला आणि हलवू लागले.

"अहो, तिला तुम्ही दिसत नाही," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"माहीत आहे मला," काका म्हणाले आणि हात हलवतच राहिले. चित्र मिनिटभर जागचं हललं नाही, म्हणून काकाही मिनिटभर थांबले नाहीत. मीही हात हलवला. केतकीनेही हलवला.

मग चित्र बदललं. हिरवळ, झाड, बाक. सई जेवायला गेली असणार. काकू चहा टाकायला आत गेल्या, तसा मीही खुर्चीवरून उठू लागलो. काकांनी पडद्यावरची नजर न काढता माझी बाही धरली.

"थांब," ते म्हणाले. "बदलेल."