मधाच्या रंगाचा सोमवार

सोमवारी सकाळी आरशासमोर उभं राहून युदेल्काने नवऱ्याला सांगून टाकलं, "आज मी अशा ठिकाणी केस रंगवणार आहे, जिथे गिऱ्हाइकाला माणूस समजतात."

एलादियो मांडीवरच्या नाओमीला केळ्याचा लगदा भरवत होता. निम्मा लगदा त्याच्या शर्टावर होता. तो म्हणाला, "आणि नुर्काला कळलं तर?"

"कसं कळेल? सोमवारी ती दुकान बंद ठेवून आईकडे गावाला जाते. म्हणून तर सोमवार."

एलादियोने लेकीकडे असं पाहिलं, जणू आज आपलं घर बुडणार आहे आणि पोहता दोघांनाही येत नाही.

कारण नुर्का नुसती केस करणारी नव्हती. बाप्तिस्म्याच्या दिवशी नाओमीला तिने हातांवर धरलं होतं, आणि तेव्हापासून ती नाओमीची धर्ममाता, आणि ती व युदेल्का एकमेकींच्या कोमाद्रे, बहिणींहून जवळच्या, झाल्या होत्या. त्यांच्या बोनाओ गावात एक वेळ नवरा सोडलेला चालतो, कोमाद्रे सोडलेली चालत नाही. तिच्या हातून सुटून दुसरीच्या खुर्चीत बसणं, यापेक्षा लोक चोरी लवकर विसरतात.

पण युदेल्काचाही इलाज नव्हता. बाळंतपणापासून केस शेणी रंगाचे झाले होते. सहा महिने ती नुर्काच्या मागे लागली होती, "मला मधाचा रंग हवा." नुर्का म्हणायची, "बस गं, दोन मिनिटं." नुर्काच्या दोन मिनिटांत बाहेर राजमा शिजून उतरायचा. मग खुर्ची रिकामी व्हायची, ती जिच्याकडे ताजी बातमी असेल तिला मिळायची. आणि शेवटी नुर्का जी बाटली उघडी असेल त्यातला रंग फासायची.

नवं सलून गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. आत गारवा, काचेच्या पेल्यात पाणी, बशीत बिस्किटं, आणि दारातच एक हसरी मुलगी, "या मॅडम. आम्ही तुमचीच वाट पाहत होतो." युदेल्काला भरून आलं. तिची वाट गेल्या वर्षभरात फक्त नाओमीने पाहिली होती, तीही दुधासाठी.

शेजारच्या खुर्चीत आणखी एक बाई होती. डोक्यावर टोपी, तोंडावर गरम टॉवेल. "या मॅडम राजधानीहून आल्यात," मुलगी कुजबुजली. "त्यांना शांतता आवडते."

युदेल्काला त्या अनोळखी बाईबद्दल आदर वाटला. माणसाने असं असावं.

मुलीने युदेल्काच्या केसांना पांढरा लेप लावला. आधी जुना रंग उतरवायचा, तो धुऊन टाकायचा, मग मध चढवायचा. ती दर थोड्या वेळाने विचारायची, "आग होत नाही ना मॅडम? मान दुखत नाही ना?" एवढी चौकशी तर युदेल्काच्या सासूने लग्नातही केली नव्हती. आणि मग तिने विचारलं, "आधी कुठे जायचात?"

इतक्या मायेने कोणी विचारलं की माणसाची जीभ सैल होते. युदेल्का म्हणाली, "जायचे एकीकडे. तिथे गिऱ्हाईक म्हणजे घरातलं स्टूल. लागलं तर ओढायचं, नाही तर कोपऱ्यात. एका हाताने केस विंचरते, दुसऱ्या हाताने वडा खाते. परवा माझ्या वेणीत कणीस सापडलं."

शेजारचा टॉवेल हलला.

"मग सोडलंत ते बरं झालं," मुलगी म्हणाली.

"सोडलं नाही," युदेल्का जरा घाईने म्हणाली. "बाळंतपणात सव्वा महिना डोक्याला पाणी लावू दिलं नव्हतं मला. मी रडकुंडीला आले होते. सव्वा महिना सरल्या सरल्या तीच पाला उकळलेलं पाणी घेऊन घरी आली. माझं डोकं मांडीवर घेऊन धुतलं. तेव्हा एकदाही 'दोन मिनिटं' म्हणाली नाही." ती थांबली. "तिला मात्र कळता कामा नये हं."

आणि लाइट गेली.

लाइट जाणं काही नवं नव्हतं. पण गारवा थांबला, पाठोपाठ पाण्याची मोटार थांबली, आणि नळाने एक उचकी देऊन पाणी सोडणं बंद केलं. हसऱ्या मुलीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याला घाम आला. "क्षमा असावी मॅडम. इन्व्हर्टर पुढच्या आठवड्यात बसतोय. तोवर बिस्किट घेता का?"

युदेल्काच्या टाळूला चुणचुणायला लागलं. "पाणी हवंय गं बाई, बिस्किट नको. डोकं शिजतंय." आणि मग, न राहवून, "आमच्या नुर्काकडे अंगणात कायम पिंप भरलेलं असतं. पण आज तिचं कुलूप."

शेजारच्या टॉवेलखालून आवाज आला, "चावी माझ्याकडे आहे."

टॉवेल खाली आला. आत चेहरा नुर्काचा, टोपीखाली तोच पांढरा लेप.

नुर्का गप्प बसलेली युदेल्काने आजवर पाहिली नव्हती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चल," नुर्का म्हणाली, आणि उठता उठता बशीतली बिस्किटं रुमालात बांधली.

दोघी एकाच भाड्याच्या मोटारसायकलवर बसल्या. रस्त्यात कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बोनाओत बाई केसांना रोलर गुंडाळून बँकेतही जाते. फक्त मोटारसायकलवाल्याने मागे न बघता विचारलं, "दोघींनाही एकीनेच केलं का हे?"

"तू रस्त्याकडे बघ," दोघी एकदम म्हणाल्या.

मग युदेल्का नुर्काच्या पाठीला म्हणाली, "कोमाद्रे, रागावलीस?"

"कणीस कोणतं?"

"अगं, ते..."

"वडा मान्य. कणीस मी खात नाही, दातात अडकतं." थोडं अंतर गेलं. "सहा महिने तू मध मध करत होतीस. मला तो रंग येत नाही. म्हटलं, आधी स्वतःच्या डोक्यावर लावून घ्यावा, कसा लावतात बघावं, मग तुझ्या. म्हणून आईकडे गेले नाही, तिथे राजधानीची बनून बसले."

युदेल्काने पुढे वाकून तिच्या कमरेला मिठी घातली. डोळ्यांत पाणी आलं, ते थोडं लेपाचंही होतं.

अंगणात पिंप भरलेलं होतं. पाणी काढायला भोपळ्याची वाटी मात्र एकच. युदेल्का मान खाली घालून पुढे झाली.

"बस गं तिथे," नुर्काने वाटी हातात घेतली आणि स्वतःचं डोकं पिंपावर वाकवलं. "दोन मिनिटं."

युदेल्का बसली. काय करणार, नातंच तसं होतं.

तिचा नंबर लागून डोकं धुऊन होईपर्यंत लाइट आली. गल्लीतून घरोघरी एकच जल्लोष झाला, आणि त्या उजेडात दोघींनी आरसा पाहिला. मध चढायचा राहूनच गेला होता. नुर्का गाजराची होती, युदेल्का पिकलेल्या पपईची.

घरी नाओमीने आईकडे क्षणभर रोखून पाहिलं, मग दोन्ही मुठींनी केस धरले आणि चाखून बघितले. एलादियोने विचारलं, "सर्व्हिस कशी होती?"

"उत्तम," युदेल्का म्हणाली. "बिस्किटं देतात."

शनिवारी नुर्काच्या दुकानात बायांची रांग लागली. दोघी कोमाद्रेंनी ठरवून एकच रंग लावला, हे सगळ्यांना फार गोड वाटलं होतं, आणि आता तोच रंग सगळ्यांना हवा होता. नुर्का ऐटीत सांगत होती, "सोपं नाही ते. घरचंच माणूस लागतं त्याला."

ते घरचं माणूस सकाळपासून कोपऱ्यातल्या स्टुलावर नाओमीला घेऊन बसलं होतं. त्याचा नंबर जेवणं उरकल्यावर लागला.