तीन वर्षांचं इंटर

अर्ज भरावा तर मी भरावा! बहात्तर सालच्या जूनमध्ये नगरच्या लॉ कॉलेजसाठी भरलेला माझा अर्ज वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटू लागला होता. अक्षर वळणदार, शाई काळीभोर, आणि ‘पूर्वी कोणत्या परीक्षेत नापास झाला असल्यास तपशील’ या रकान्यात पट्टीनं मारलेली एक सरळ रेघ. आता रेघ म्हणजे ‘नाही’ असं मी कुठं लिहिलं होतं? वकिलीचा श्रीगणेशा मी अर्जातच करून टाकला होता.

खरं सांगायचं तर बी.ए.च्या आधीच्या इंटरच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो होतो. घरी मात्र पत्ता लागू दिला नव्हता. माझे वडील भिमाजी आप्पा घोडेगावच्या बैलबाजारात दलाली करायचे. बैलाचे दात बघून वय सांगत, पण अक्षरओळख नव्हती. पहिल्यांदा आपटलो तेव्हा मी त्यांना सांगितलं, पास झालो, पण इंटर दोन वर्षांचं असतं. आप्पांनी बाजारात पेढे वाटले. दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा म्हणालो, सरकारनं ते आता तीन वर्षांचं केलंय. त्या खेपेला पेढे आले नाहीत. मला वाटलं, महागले असतील.

पुढं कसाबसा थर्ड क्लासात बी.ए. झालो. नोकरी कुणी देईना. आता सगळी भिस्त वकिलीवर होती. तेही दार लागलं असतं, तर बाजारात बैलाचं दावं धरून उभं राहायचं एवढंच उरलं होतं.

पण अर्जावर पालकाची सही नाहीतर अंगठा प्राचार्यांसमोर लागतो असं कळलं आणि आप्पांना नगरला नेणं भाग पडलं. एस्टीत मी आप्पांना तीनदा बजावलं, “तुम्ही फक्त अंगठा द्यायचा. बोलायचं काही नाही.”

“न्हाई बोलत,” आप्पा म्हणाले आणि मांडीवरची पिशवी जवळ ओढून खिडकीबाहेर बघत बसले.

प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला. “बी.ए.ची मार्कलिस्ट आहे. इंटरची कुठंय?”

“सर, पुरात वाहून गेली.”

“गाव कोणतं तुमचं?”

“घोडेगाव.”

“म्हणजे नेवासा तालुका. तिथं दोन वर्षं लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तुमच्या घरात पूर?”

तेवढ्यात आप्पांनी पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेलं पुडकं काढून टेबलावर ठेवलं.

“साहेब, वाहून काई गेलं न्हाई. हे घ्या इंटरचे तीन कागद.”

मी घरातल्या रद्दीत टाकलेले ते कागद आप्पांनी जमिनीच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवले होते. एकालाही घडी पडली नव्हती.

“पहिल्या वर्षी इंग्रजी बावीस,” प्राचार्य वाचू लागले. “दुसऱ्या वर्षी एकोणीस. तिसऱ्या वर्षी छत्तीस.” मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत त्यांनी हळूच विचारलं, “वडिलांना ठाऊक आहे हे?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रवेश गेलाच होता, निदान आता तरी खरं बोलावं असं वाटलं. “आप्पा, इंटर एकाच वर्षाचं असतं. मी दोनदा नापास झालो.”

“ठाव हाय,” आप्पा म्हणाले. “शेजारच्या बन्सीचं पोरगं तुझ्यासंगंच बसलं हुतं. त्याचं येका वर्सात झालं. मला वाचता येत न्हाई, पर मोजता येतंय.”

प्राचार्यांनी टाक माझ्या हातात दिला. “ती रेघ खोडा आणि खरं काय ते लिहा.” मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की ते माझंच असल्याची खात्री पटेना. त्यांनी अर्ज गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सारला. “नापास झाल्यानं कुणाचा प्रवेश अडत नाही. नंबर मात्र शेवटी लागतो. जागा उरली तर कार्ड टाकू.”

जागा उरली. म्हणून तर आज मी नेवाशाच्या कोर्टात उभा राहतो. पण त्या दिवशी पायऱ्या उतरताना माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

“आप्पा, इतकी वर्षं घरी एका शब्दानं बोलला नाहीत,” मी कुरकुरलो, “मग आज नेमके इथंच कशाला काढलेत ते कागद?”

“खोड लपवून इकलेला बैल पुढल्या बाजाराला माघारी येतो, रंगनाथ,” आप्पा पागोटं नीट करत म्हणाले. “आन मला तू माघारी नगंस.”